बोटं ऐकेनाशी होतात तेव्हा: पियानोवादकांच्या हाताचा डिस्टोनिया आणि तंत्राचं फेरशिक्षण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वाजवताना उजव्या हाताचं चौथं आणि पाचवं बोट आपोआप आत वळतं. दुखत मात्र अजिबात नाही. हे काय आहे?

वर्णनावरून फोकल डिस्टोनियाची शंका घ्यायला हवी. यात बोट कमजोर झालेलं नसतं. मेंदूकडून त्याला चुकीचा आणि गरजेपेक्षा जास्त आदेश जात असतो. बोट वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू आळीपाळीने काम करायचे सोडून एकाच वेळी ताणले जातात आणि त्या ओढाताणीत बोट तळव्याकडे खेचलं जातं. पियानोवादकांमध्ये उजवा हात, त्यातही करंगळी आणि अनामिका, जास्त सापडतात. धंदेवाईक वादकांमध्ये साधारण शंभरात एकाला हा त्रास होतो असा अंदाज आहे. तिशी-पस्तिशीत तो सुरू होताना जास्त दिसतो आणि पुरुषांत प्रमाण अधिक आहे.

सर्वांत मोठी खूण म्हणजे तो ठरावीक कामापुरताच असतो. त्याच हाताने पोळ्या लाटता येतात, शर्टाची बटणं लावता येतात, लॅपटॉपवर टाइप करता येतं. पियानोवर हात ठेवला की बोट वळतं. त्यामुळे घरचे आणि कधी कधी डॉक्टरही "काही झालेलं नाही" म्हणतात.

नस दबली असेल तरी असंच होईल ना? फरक कसा ओळखायचा?

मुंग्या, बधिरपणा, रात्री हात झटकत जाग येणं हे डिस्टोनियाचं लक्षण नव्हे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल तर कार्पल टनेलकडे (मनगटापाशी नस दबण्याकडे) पाहावं लागतं. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू बधिर होत असेल तर कोपरापाशी अल्नर नस दबलेली असू शकते. ही दुसरी शक्यता आवर्जून तपासून घ्यावी, कारण बोटं तीच, चौथं आणि पाचवं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुखत असेल तर कंडरांची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांची) सूज असू शकते. बोट वाकून अडकतं आणि 'कट्' करून सुटतं तो ट्रिगर फिंगर. नुसता हात मांडीवर ठेवलेला असताना थरथरतो, किंवा हातातला मांसल भाग बारीक होत चाललाय, तर पियानोचा विषय बाजूला ठेवून आधी न्यूरॉलॉजिस्टला भेटा. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, बोलताना जीभ अडखळली, तर थेट इमर्जन्सी गाठायची.

पुण्यात नेमकं कोणाकडे जायचं? कोणत्या तपासण्या होतात?

हालचालींचे विकार नियमित पाहणारा न्यूरॉलॉजिस्ट गाठा. अशा डॉक्टरांना 'मूव्हमेंट डिसऑर्डर स्पेशालिस्ट' म्हणतात आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत विचारलं की नाव मिळतं. निदान मुख्यतः बघून होतं. ईएमजी-एनसीव्ही ही स्नायू आणि नसांतले विद्युत संकेत मोजणारी तपासणी नस दबल्याची शंका फेडण्यासाठी असते. एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. तो नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असं समजून घरी बसू नये.

डॉक्टरांच्या खोलीत पियानो नसतो, ही अडचण आधीच ओळखून तयारीने जा. मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ घ्या: एक वरून, एक करंगळीच्या बाजूने की-बोर्डच्या उंचीवरून. आधी पाच बोटांचा साधा चढउतार सावकाश, मग ज्या जागी बोट हमखास वळतं तो तुकडा नेहमीच्या लयीत, शेवटी तेच दुसऱ्या हाताने. मुलांचा छोटा खेळण्यातला की-बोर्ड सोबत नेऊन उपयोग होत नाही. पट्ट्या अरुंद आणि हलक्या असल्या की स्पर्श बदलतो आणि बोट तिथे शहाण्यासारखं वागतं.

न्यूरॉलॉजिस्टनंतर हाताचं काम करणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि पियानोचं तंत्र सुटं करून पाहू शकणारा शिक्षक, असे तिघं लागतात. तिघांनी एकच व्हिडिओ पाहिलेला असावा. एकाने "बोट उचल" आणि दुसऱ्याने "उचलू नको" सांगितलं की सगळं मुसळ केरात.

जास्त रियाज केल्यामुळे झालं का?

नुसत्या तासांनी होत नाही. कुटुंबात अशा विकाराचा इतिहास, एकच हालचाल अतिशय नेमकेपणाने हजारो वेळा करणं, परिपूर्णतेचा हट्ट, काळजीचा स्वभाव, दुखापतीनंतर घाईने परतणं, तंत्र किंवा वाद्य अचानक बदलणं, यांतल्या काही गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. मेंदूच्या पृष्ठभागावर प्रत्येक बोटाची वेगळी जागा असते. डिस्टोनियात शेजारच्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळल्याचं संशोधनात आढळलंय. म्हणजे चौथ्याला पाठवलेला निरोप पाचव्यालाही पोचतो.

म्हणजे हे मानसिक आहे?

नाही. ताणाने वाढतं, पण ताणाने तर तापातली डोकेदुखीही वाढते. "मनावर घेऊ नकोस" हा सल्ला निरुपयोगी आहे.

बोटांची ताकद वाढवायला रबरी बॉल दाबू का? हॅन्ड ग्रिपर?

अजिबात नाही. दाबण्याचे सगळे व्यायाम नेमके वाकवणाऱ्या स्नायूंनाच आणखी चढवतात आणि तेच आधीच जास्त काम करत आहेत. बाकीची बोटं दाबून धरून चौथं बोट उंच उचलायचे जुने धडेही बंद. चौथ्या बोटाची सरळ करणारी कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी पट्ट्यांनी जोडलेली असते, त्यामुळे ते स्वतंत्रपणे फार वर जाऊच शकत नाही. शरीररचनेशी भांडून कोणी जिंकलेलं नाही. जर्मन संगीतकार शुमनने १८३०च्या सुमारास बोटांसाठी यांत्रिक साधन वापरलं होतं आणि पुढच्या काही वर्षांत उजव्या हाताच्या मधल्या बोटापायी त्याचं वादन सुटलं. नेमकं कारण काय यावर आजही वाद आहेत, पण तेवढ्याने ते यंत्र निर्दोष ठरत नाही.

मग दोन-तीन महिने पूर्ण विश्रांती घेतली तर?

सुजेवर विश्रांतीने आराम पडतो, डिस्टोनियावर पडत नाही. चुकीची हालचाल शिकली गेली आहे आणि न वाजवल्याने ती विसरली जात नाही. परत बसलात की पहिल्याच ओळीत हजर. तरीही सुरुवातीला नेहमीच्या रचना पूर्ण थांबवायच्या असतात. कारण वेगळं आहे: प्रत्येक चुकीची वळणं घेणारी आवृत्ती त्या सवयीला आणखी पक्कं करते.

फेरशिक्षण म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

मूळ नियम एकच: बोट जिथपर्यंत वळत नाही तिथपर्यंतच जायचं. हे "सावकाश सराव करा"पेक्षा बरंच कडक आहे. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा सुरुवात फार अलीकडे होते.

काहींचं बोट पट्टीला नुसता स्पर्श होताच वळतं. त्यांनी पियानोचं झाकण बंद करून त्यावर, किंवा टेबलावर चादर घालून त्यावर हात ठेवायचा. हात सैल, बोटांची नैसर्गिक कमान, मनगट हाताच्याच पातळीत. पाचही बोटं शांत राहिली की दहा सेकंद थांबायचं आणि हात उचलून मांडीवर ठेवायचा. हे जमलं की झाकण उघडून पट्ट्यांवर तेच, दाबायचं काहीच नाही.

त्यानंतर एकच पट्टी, आवाज न करता, अगदी सावकाश तळापर्यंत. इथे पियानोची आतली रचना कामाला येते. पट्टीचा प्रवास सुमारे १० मिलिमीटरचा असतो. तळाच्या थोडंसं आधी हातोडी यंत्रणेतून सुटते आणि उरलेलं अंतर तारेपर्यंत स्वतःच्या वेगाने जाते. त्या बिंदूनंतर तुम्ही कितीही दाबलंत तरी स्वरावर परिणाम शून्य. पुष्कळ डिस्टोनियाग्रस्त वादक तळाशी पोचल्यावरही दाबत राहतात, आणि पुढचं बोट खेचलं जाण्याची सुरुवात तिथूनच होते. म्हणून स्वर वाजवा, तळ लागताच दाब सोडा, पट्टी खाली राहील एवढंच वजन ठेवा. स्वर विरेपर्यंत ऐका. मग बोट उचलायचं नाही. हात किंचित हलका करायचा आणि पट्टीला बोट वर ढकलू द्यायचं. चांगल्या पियानोची पट्टी परत येताना २० ग्रॅमच्या आसपास वजन सहज उचलते, बोटाला सरळ करणारे स्नायू वेगळे कामाला लावायची गरज नसते.

एका बैठकीला ५ ते १० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. सलग तासभर केलं तर चाळिसाव्या मिनिटाला जे चुकतं तेच मेंदू लक्षात ठेवतो. बोट सलग दोनदा वळलं की एक पायरी मागे. तिसऱ्यांदा "बघू तर" म्हणून करायचं नाही. लोक सर्वांत जास्त फसतात ते इथे.

हाताची फिरत म्हणजे काय? शिक्षक सारखं "फिरव, फिरव" म्हणतात.

कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग स्वतःभोवती फिरतो, कुलपात चावी फिरवताना फिरतो तसा. न्यूयॉर्कच्या पियानोशिक्षिका डोरोथी टॉबमन यांनी जखमी वादकांबरोबर काम करताना ज्या गोष्टींवर भर दिला त्यांत ही फिरत अग्रभागी होती. बोटाने एकट्याने पट्टी मारण्याऐवजी हाताने बोट पट्टीवर पोचवायचं.

सराव असा: उजव्या हाताचा अंगठा सा वर, करंगळी प वर. अंगठा वाजवताना हात अंगठ्याकडे झुकतो आणि करंगळीची बाजू आपोआप वर येते, मग उलट. करंगळीने काहीही करायचं नाही, ती फक्त जागेवर नेली जाते. हे सहज झालं की १-४, मग १-३, मग १-२ (अंगठा १, करंगळी ५). अंतर जितकं कमी तितकी फिरत लहान, आणि तितकंच बोटाचं मध्ये पडणं वाढतं. म्हणून अवघड टोक शेवटी. शेजारशेजारचे स्वर एकाच दिशेने जाताना (३-४-५) प्रत्येक स्वराआधी हात क्षणभर उलट दिशेला फिरून मग त्या बोटाकडे येतो. सुरुवातीला हे ठळक करायचं, नंतर बाहेरून दिसेनासं होईपर्यंत लहान करायचं. पुष्कळ जण ठळक अवस्थेतच अडकतात आणि वेग वाढला की हात गटांगळ्या खातो. दोष फिरतीचा नाही, ती वेळेवर लहान केली नाही याचा आहे.

आणखी तीन गोष्टींवर नजर ठेवा. हात करंगळीकडे मनगटातून वाकवून अंगठा काळ्या पट्ट्यांवर पोचवणं. अशा वेळी वाकवण्याऐवजी अख्खा हात थोडा आत, झाकणाकडे, न्यायचा. बोटं पसरून ताणून दूरचा स्वर धरणं. तिथे ताणायचं नाही, हात उचलून न्यायचा. बोटाचं टोक आकड्यासारखं वळवणं.

मेट्रोनोमवर वेग कसा वाढवायचा?

ज्या वेगाला बोट एकदाही वळत नाही तो तुमचा पायाचा वेग. मेट्रोनोमवर ६०ला (मिनिटाला ६० ठोके) पूर्वी सोळाव्या मात्रेचे, म्हणजे ठोक्याला चार, स्वर वाजत असतील, तर आता एका ठोक्याला एकच स्वर, तोही कदाचित ४०ला. त्या वेगावर काही दिवस स्थिर राहिल्यावर दहा टक्क्यांच्या आत वाढ करा. लक्षण दिसलं तर लगेच मागच्या नव्हे, त्याच्याही मागच्या वेगावर या. काहींच्या बाबतीत मेट्रोनोमचा ठोकाच ताण वाढवतो. त्यांनी तो बंद करून तानपुऱ्याच्या ॲपवर वाजवलं तरी चालतं.

चौथं बोट टाळून फिंगरिंग बदललं तर?

कार्यक्रम आठ दिवसांवर असेल तर समजू शकतो. उपाय म्हणून ते वाईट आहे. चौथ्याचं काम तिसऱ्यावर पडतं, आणि काही महिन्यांत तिसरं बोट ताठ होऊन वर राहायला लागतं. इथून गुंता वाढतो, कारण आता वळणारं बोट आणि त्याला सावरायला ताठ झालेलं बोट वेगळं करून ओळखावं लागतं. थेरपिस्ट कधी कधी सावरणाऱ्या बोटांना छोटी पट्टी (स्प्लिंट) बांधून मूळ बोटालाच काम करायला लावतात, ते याच कारणासाठी. ही पट्टी घरी स्वतः बांधू नये.

हातमोजा घातला की बरं वाजतं, असं ऐकलं. खरं का?

काहींच्या बाबतीत हो. पातळ लॅटेक्सचा मोजा, बोटाच्या टोकाला सर्जिकल टेप, दोन बोटांमध्ये छोटा स्पंजचा तुकडा, यांनी त्वचेकडून मेंदूला मिळणारी खबर बदलते आणि बोट थोडा वेळ शांत होतं. कायम मोजा घालून वाजवत राहिलात तर काही काळात मेंदूला तोही सवयीचा होतो आणि परिणाम ओसरतो. खरा उपयोग असा: मोजा घालून चार वेळा नीट वाजवा, त्या हालचालीची जाणीव लक्षात ठेवा, लगेच मोजा काढून एकदा वाजवा. स्पर्शाचा सरावही याच्या जोडीला करावा. डोळे मिटून बोटाच्या टोकाने सुती, खादी, पैठणीचा काठ, कॉर्डरॉय ओळखणं. दाबून नव्हे, हलक्या हाताने.

बोटॉक्स आणि गोळ्यांचं काय?

स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनचं (बोटॉक्सचं) इंजेक्शन कोपराखालच्या भागात, बोट वाकवणाऱ्या नेमक्या स्नायूच्या नेमक्या भागात द्यावं लागतं. त्यासाठी ईएमजी किंवा सोनोग्राफीचा आधार घेणारा डॉक्टर हवा. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, साधारण तीन महिन्यांनी ओसरतो आणि पुन्हा घ्यावं लागतं. मात्रा थोडी जास्त झाली किंवा शेजारच्या बोटाच्या स्नायूत पसरली तर तेही कमजोर पडतं, आणि पियानोवादकाला एवढी कमजोरीही पुरते. वळणारं बोट कोणतं आणि सावरणारं कोणतं हे न ठरवता घेतलेलं इंजेक्शन वाया जातं. ट्रायहेक्सिफेनिडिल या गोळीने काहींना फायदा होतो. तोंडाला कोरड पडणं, विसराळूपणा, धूसर दिसणं हे तिचे त्रास. पाठांतराने वाजवणाऱ्याला विसराळूपणा परवडत नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आमचं मत: इंजेक्शनने मिळालेले तीन महिने फेरशिक्षणासाठी वापरले तर त्याला अर्थ आहे. ते तीन महिने नेहमीचे कार्यक्रम उरकण्यात घालवले तर चौथ्या महिन्यात तुम्ही होतात तिथेच असता.

पूर्ण बरं होतं का? किती वेळ लागतो?

काहींचं होतं, अनेकांचं बऱ्यापैकी सुधारतं, काहींचं होत नाही. जर्मनीत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या १४४ वादकांच्या पाहणीत निम्म्याहून थोड्या जास्त, ५४ टक्के जणांनी आराम पडल्याचं सांगितलं. त्यात तंत्राचं फेरशिक्षण घेतलेल्यांपैकी निम्म्यांना आणि वाद्य किंवा बसण्यात सोयीचे बदल केलेल्यांपैकी ६३ टक्क्यांना फायदा जाणवला. पूर्वीच्या पातळीवर परतणारे त्याहून कमी. मोजमाप महिन्यांत नाही, वर्षांत करायचं असतं. लवकर आलेल्यांना, आणि एकाच हाताच्या एक-दोन बोटांपुरता त्रास असणाऱ्यांना, शक्यता चांगली.

अमेरिकी पियानोवादक लिओन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची चौथी-पाचवी बोटं १९६४ साली वळली. डाव्या हातासाठीच्या रचना, अध्यापन, संचालन यांत तीन दशकं गेली आणि बोटॉक्सच्या मदतीने ते १९९०च्या दशकात पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. तेव्हाही त्यांचा आजार गेलेला नव्हता, आटोक्यात होता. फक्त डाव्या हाताच्या रचनांकडे वळणार असाल तर वेळ आवरता ठेवा. डाव्याला दुप्पट काम दिलं की दुखणं तिकडे सुरू होतं.

बसण्यात काय बदलायचं?

पांढऱ्या पट्ट्यांचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटरवर असतो. कोपर त्याच पातळीत किंवा किंचित वर यावं एवढी बैठक. घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुतेकांना बुटकी पडते. वर उशी ठेवली तर ती दबते आणि दर दहा मिनिटांनी उंची बदलते. दुमडलेली सतरंजी बरी, स्क्रूचं स्टूल सर्वांत बरं. हात लहान असेल तर सप्तकाची रुंदीच अडचण ठरते. नेहमीच्या पियानोत ती १६५ मिलिमीटरच्या आसपास असते. परदेशात १५२ आणि १४० मिलिमीटरचे अरुंद की-बोर्डही बनतात. पुण्यात ते हाती लागणं कठीण, म्हणून मोठी पसरण असलेल्या रचनाच बाजूला ठेवा.

घरचा पियानोच जड वाटतो. त्याने फरक पडतो का?

पडतो, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर जास्त. हवेतल्या दमटपणाने पट्टीच्या खुंट्यांभोवतालची फेल्टची अस्तरं फुगतात, पट्ट्या खाली जायला जड आणि परत यायला सुस्त होतात. मग वादक नकळत जास्त जोर लावतो. घरी तपासायला दहा रुपयांची नाणी पुरतात. एकाचं वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं. उजवा पेडल दाबून धरा आणि पट्टीच्या पुढच्या टोकाशी एकेक नाणं रचत जा. मधल्या सप्तकात सहा-सात नाण्यांत, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास, पट्टी सावकाश खाली जायला हवी. नऊ-दहा लागत असतील तर ट्यूनरला बोलवा आणि "सूर लावा" एवढंच न सांगता "पट्ट्यांची अस्तरं सैल करा" असं सांगा.

पेटी वाजवलेली चालेल का?

पेटीवर बोट वळत नसेल तर खुशाल, पण मध्य लयीपर्यंत. पेटीत आवाजाचं लहानमोठेपण भात्याकडे असतं, बोटाच्या जोराला काही अर्थ नसतो. त्यामुळे जोर न लावता वाजवण्याची जाणीव पेटीवर सापडते आणि ती पियानोवर नेता येते. द्रुत ताना मात्र नकोत.

गणपतीतले ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम ठरले आहेत. ग्रेडची परीक्षाही आहे.

परीक्षा पुढे ढकला. कार्यक्रम टाळता येत नसतील तर कॉर्ड्स, पॅड, डाव्या हाताचा बास असं काम मागून घ्या आणि धावते तुकडे सहकाऱ्याला द्या. रात्री कार्यक्रम करून सकाळी फेरशिक्षणाचा सराव करायचा नाही. त्या दिवशी सुट्टी.

टू-व्हीलरने त्रास वाढतो का?

हिंजवडीहून कोथरूडला तासभर ॲक्सिलरेटर आणि ब्रेक आवळत आलात की कोपर ते मनगटाचे स्नायू ताणलेलेच असतात. घरी आल्यावर निदान अर्धा तास पियानोला हात लावू नका. कोमट पाण्यात हात धरा, चहा घ्या. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी तर कोमट पाणी हवंच.

मुलगी अकरा वर्षांची आहे. तिचीही बोटं वाजवताना आत मोडतात. डिस्टोनिया असेल?

बहुधा नाही. या वयात बोटाचं टोकाकडचं पेर दाबताना मागे किंवा आत मोडणं हे सैल सांध्यांचं लक्षण असतं, आणि हाताचा आधार नीट मिळाला की ते सुधारतं. पण आधी नीट वाजवणारं मूल वाजवू शकेनासं झालं, चालताना पाय वळू लागला किंवा अक्षर बिघडलं, तर बालन्यूरॉलॉजिस्टला दाखवा. लहान वयात सुरू होणाऱ्या डिस्टोनियाच्या काही प्रकारांवर साधी औषधं उत्तम लागू पडतात, काहींत तांब्याच्या चयापचयाची तपासणी करावी लागते, आणि या दोन्हींत उशीर महागात पडतो.